गिटार आणि आमची पट्टी

स्टुडिओत जागा चौघींची आहे आणि आम्ही सहा जणी आत शिरलोय. त्यामुळे मधेच बांगड्या वाजल्या, कुणी खोकलं, तर समजून घ्या. मागच्या खेपेला आम्ही शेळ्यांच्या लसीकरणावर बोललो होतो. आज गिटारवर बोलणार आहोत. हसलात ना? आम्हीही आधी हसलोच होतो.

गिटार आमच्याकडे कुणी मुद्दाम आणली नाही. गटातल्या एका ताईंची मुलगी पुण्याला शिकायला होती. मैत्रिणींचं बघून तिने गिटार घेतली, वर्षभर वाजवली, मग परीक्षा आली, नोकरी आली, आणि गिटार घरी येऊन कपाटावर गोधडीखाली पडली. दोन वर्षं तिथेच होती. दिवाळीच्या साफसफाईत ताईंनी ती खाली काढली, फडक्याने पुसली, आणि पुसता पुसता सगळ्या तारा एकदम झणकल्या. त्या आम्हाला सांगत होत्या, "अगं, घरात कुणी नव्हतं तरी मी दचकून मागे बघितलं."

आता आम्हाला वाद्याची गरज का पडली ते सांगतो. आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे, अकरा जणींचं. एकीला ढोलकी येते, टाळ सगळ्यांनाच येतात. पेटी वाजवायला गावातले एक काका येतात. माणूस चांगला, हात तयार. पण ते येणार त्यांना वेळ असेल तेव्हा, आणि पट्टी लावणार ती त्यांच्या गळ्याची, काळी एक. पुरुषांच्या मंडळाची तीच पट्टी, म्हणून आमचीही तीच. त्या पट्टीत खालच्या सप्तकात गायलं तर आमचा आवाज घशात बुडतो, वरच्या सप्तकात गायलं तर अंतऱ्याला किंचाळावं लागतं. आमच्यात एक वहिनी आहेत. लग्न होऊन आल्या तेव्हा फार गोड गायच्या म्हणतात. पहिल्याच एकादशीला त्यांचा आवाज वर चढेना, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "हिचा आवाज बसका आहे." बारा वर्षं त्यांनी नुसते टाळ धरले. हे लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यावर यायचं आहे.

तर गिटार खाली उतरली आणि मुलगी सुट्टीला आली. तिला म्हटलं, शिकव. ती म्हणाली, "आत्या, मलाच धड येत नाही." आम्ही म्हटलं, तुला येतं तेवढंच शिकव.

पहिल्याच संध्याकाळी आम्ही तार तोडली. दोष आमच्या शहाणपणाचा. मुलीने सांगितलं की सगळ्यात बारीक तार ई स्वराला लावायची, आणि ई म्हणजे पेटीची पांढरी तीन. आमच्यातल्या एकीच्या घरी जुनी पेटी आहे, ती आणली. पेटीत पांढरी तीन तीन-चार ठिकाणी असते. आम्ही नेमकी वरच्या सप्तकातली धरली आणि खुंटी पिळत राहिलो. तार कण्हायला लागली तरी पिळतोच आहोत. सटकन तुटली आणि एकीच्या गालावर ओरखडा उठला. डोळा थोडक्यात वाचला. म्हणून पहिलं सांगणं हे, की तार लावताना तोंड गिटारवर वाकवू नका, आणि पिळताना जड जायला लागलं तर थांबा. तुम्ही स्वराच्या पुढे गेला आहात.

तारा सहा असतात. जाडीपासून बारकीपर्यंत त्यांचे स्वर ई, ए, डी, जी, बी, ई. ही इंग्रजी नावं आमच्या डोक्यात राहीनात. मग आम्ही पेटीच्या भाषेत पाठ केलं: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, पांढरी तीन. बघा, सहाही पांढऱ्या. एकही काळी नाही. ज्यांच्या घरी किंवा देवळात पेटी आहे त्यांना एवढ्यावर गिटार लावता येईल. जाड तारा पेटीपेक्षा खाली बोलतात, तिथे स्वर तोच पण सप्तक खालचं असं समजायचं. पेटी नसेल तर मोबाईलवर ट्यूनर म्हणून फुकट ॲप मिळतं. तार छेडली की काटा हलतो, मधोमध आला की झालं. रोज वाजवायच्या आधी हे करायचंच. बेसूर गिटारवर शिकणं म्हणजे मोडक्या तराजूवर धान्य मोजणं.

दुसरी अडचण मोठी होती, आणि तिने आम्हाला महिनाभर छळलं. तारा दाबताच येईनात. दाबल्या तर बोटं कापल्यासारखी दुखायची आणि स्वर तरी फुसकाच निघायचा. आम्हाला वाटलं आमचीच बोटं बोथट झाली. शेण, राख, खुरपं, यात आयुष्य गेलं, आता नाजूक काम कुठून जमणार? एकदा मिरजेला दवाखान्याचं काम होतं, तेव्हा आमच्यातल्या दोघी गिटार एसटीत घालून घेऊन गेल्या. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्याचं गाव. तिथे भोपळ्यापासून तंबोरे करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका कारागिरांनी गिटार हातात घेतली, डोळ्यासमोर धरून मान बघितली, बाराव्या पडद्याशी नख घालून बघितलं आणि म्हणाले, "बाई, यात तुमच्या बोटांची चूक नाही. तारा फार उंच आहेत."

झालं होतं असं, की तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्यातली पांढरी पट्टी उंच होती. तार मानेपासून इतकी वर, की दाबायला दुप्पट जोर लागायचा. त्यांनी ती पट्टी काढली, खालच्या बाजूने घासली, परत बसवली. अर्ध्या तासाचं काम. घरी येऊन बोट ठेवलं तर स्वर आपसूक निघाला. महिनाभर आम्ही स्वतःला शिव्या घालत होतो हो, आणि चूक होती दोन मिलिमीटर पट्टीची. म्हणून जुनी गिटार मिळाली, कुणी दिली, की आधी जाणत्या माणसाला दाखवा. बाराव्या पडद्याशी तार अडीच-तीन मिलिमीटरपेक्षा उंच असेल तर ती उतरवून घ्या, मग शिकायला बसा. नवशिकी बाई वाद्य सोडते त्यातल्या निम्म्या वेळी चूक वाद्याची असते, असं आमचं मत झालं आहे.

पडदा म्हणजे काय ते राहिलं. गिटारच्या मानेवर आडव्या धातूच्या तारा ठोकलेल्या असतात. गिटारवाले त्यांना फ्रेट म्हणतात, सतारवाले पडदे म्हणतात, आम्ही पडदेच म्हणतो. बोट पडद्यावर ठेवायचं नाही, दोन पडद्यांच्या मधोमधही नाही. पडद्याला खेटून, त्याच्या अलीकडे. तिथे जोर सगळ्यात कमी लागतो. अंगठा मानेच्या मागे, आणि पंजा हातात लिंबू धरल्यासारखा गोल. बोट आडवं पडलं की शेजारची तार मुकी होते. म्हणून डाव्या हाताची नखं कापलेली हवीत, अगदी मुळापर्यंत.

बोटं दुखतात. खोटं कशाला सांगायचं? आपल्या हाताला घट्टे आहेत, पण ते तळव्याला आहेत, खुरप्याच्या मुठीचे. टोकं मऊच राहिलेली असतात. दोन-तीन आठवड्यांत तिथेही घट्टा धरतो आणि दुखणं जातं. तोवर एका वेळी दहा मिनिटांच्या वर बसू नका. आणि भांडी घासून, धुणं धुऊन लगेच बसू नका. पाण्याने कातडी मऊ झालेली असते, तार आत रुतते. आमच्यातल्या एकीने हे सासूला सांगितलं, "आत्या, तासभर भांड्याला हात लावायचा नाही असं शिकवणारीने सांगितलंय." सासूबाई म्हणाल्या, "मग मीही शिकते." त्या खरंच शिकताहेत. वय अडुसष्ट.

पहिला कॉर्ड कोणता? पुस्तकात तीन-चार बोटांचे कॉर्ड आधी दिलेले असतात, ते बघून घाबरायला होतं. आम्ही दोन बोटांचा घेतला. ई मायनर. जाड तारेकडून मोजत दुसरी आणि तिसरी तार, दोन्ही दुसऱ्या पडद्याशी, मधलं बोट आणि अनामिका. बाकी तारा मोकळ्या. आता फक्त वरच्या तीन जाड तारा छेडा. काय ऐकू येतं? सा, प, सा. तंबोराच की! मुलीला हे माहीत नव्हतं, तिने ते कॉर्ड म्हणून पाठ केलं होतं. ऐकलं आमच्या ढोलकीवाल्या ताईंनी. त्या एकदम म्हणाल्या, "थांबा, हा षड्‌ज-पंचम आहे," आणि ओवी धरली. आम्ही सगळ्या मागे गायला लागलो. दोन बोटं, तीन तारा आणि पूर्ण ओवी. ज्यांना यापुढे काहीच शिकायचं नाही त्यांनी इथे थांबलं तरी चालेल, ओवीला एवढी साथ पुरते.

सहाही तारा वाजवल्या की मोकळ्या चौथ्या तारेवर कोमल गंधार येतो. गाण्यात शुद्ध गंधार असेल तर ते खटकतं. मग त्याच चौथ्या तारेला पहिल्या पडद्याशी तर्जनी ठेवायची. गंधार शुद्ध होतो, आणि कॉर्डचं नाव होतं ई मेजर. एका बोटाचा फरक. आणि हीच तीन बोटं, जशीच्या तशी, एकेक तार खाली बारकीकडे सरकवली की ए मायनर होतो. एवढ्या तीन आकारांवर आमचं सहा महिने चाललं आहे. एकावरून दुसऱ्यावर जाताना हात अडखळतो, त्यावर उपाय एकच: घड्याळ लावून एका मिनिटात किती वेळा बदलता येतं ते मोजायचं. पहिल्या दिवशी आमची सर्वांत जास्त गणती होती नऊ. आता तिशीच्या पुढे आहे. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत हे सहज होतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

उजव्या हाताचं आम्हाला फार शिकावं लागलं नाही. मुलगी सांगत होती, कोपरातून नको, मनगटातून, सैल. आम्हाला कळेना. मग आजी म्हणाल्या, "अगं, सूप पाखडल्यासारखं." लगेच जमलं. आधी नुसतं वरून खाली, एका मात्रेला एक. ढोलकीवर कहरवा चालू ठेवायचा आणि आठ मात्रांना आठ वेळा हात. ते पक्कं झालं की मग खालून वर. बांगड्यांचं काय करायचं यावर मात्र वाद झाला. हात फिरला की काचेच्या बांगड्या वाजतात. काढून ठेवायला दोघी तयार नव्हत्या, आणि त्यांच्यावर जबरदस्ती कशाला? आता बांगड्या वाजतातच, आणि लयीत वाजतात. मंगळसूत्र मात्र पाठीमागे टाकावं लागतं, ते लाकडावर आपटतं. बसायचं म्हणाल तर मांडी घालून जमतं, पण खाटेच्या कडेला बसून उजव्या मांडीवर गिटार घेतली तर पाठ कमी दुखते.

आता वहिनींकडे येतो.

ई मायनरला सा असतो पांढरी तीनचा. तोही आम्हाला खालीच पडायचा. मुलीच्या पिशवीत एक चाप निघाला, कपड्याच्या चिमट्यासारखा, पण मोठा आणि रबर लावलेला. त्याला कॅपो म्हणतात. तो मानेवर लावला की सहाही तारा त्या पडद्यापाशी एकदम दाबल्या जातात आणि सगळं वाद्य वर चढतं. बोटांचे आकार तेच राहतात, पट्टी बदलते. एक पडदा म्हणजे पेटीची एक पट्टी, काळ्या-पांढऱ्या धरून. आम्ही एकेक पडदा चढवत गेलो आणि प्रत्येक वेळी तोच अभंग म्हटला. पहिला पडदा पांढरी चार, दुसरा काळी तीन, तिसरा पांढरी पाच. चौथ्यावर लावला, म्हणजे काळी चार झाली, आणि टाळ धरून बसलेल्या वहिनी गायला लागल्या. नुसत्या पुटपुटल्या नाहीत, गायल्या. अंतरा आला, तार षड्‌ज आला, आणि आवाज तिथे जाऊन सहज बसला. आम्ही बाकीच्या हळूहळू गप्प झालो. गाणं संपल्यावर त्या टाळांकडे बघत म्हणाल्या, "हे मला लग्नाआधी येत होतं."

नंतर कळलं, बऱ्याच गाणाऱ्या बायकांची पट्टी काळी चार-पाचच्या आसपास असते. यात गुपित काहीच नव्हतं. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "मग मला सांगायचं की, मी लावली असती." खरं आहे. पण काय सांगायचं तेच आम्हाला ठाऊक नव्हतं. "आवाज चढत नाही" एवढंच येत होतं. आता आम्ही पेटी असली तरी आधी पट्टी सांगतो. काका लावतात. कुरकुरतात थोडे, पण लावतात.

गावात बोललं गेलंच. या वयात काय, सिनेमात जायचंय का, वगैरे. त्या दिवसांत मुलीने आम्हाला मोबाईलवर एक बाई दाखवली, एलिझाबेथ कॉटन. अमेरिकेतली, नॉर्थ कॅरोलायना राज्यातली काळी बाई. लहानपणी भाऊ कामाला गेला की गुपचूप त्याचा बँजो वाजवायची. लहान वयातच लोकांच्या घरी कामाला लागली आणि त्या पैशातून 3 डॉलर 75 सेंटची गिटार घेतली. डावखुरी होती, म्हणून गिटार उलटी धरायची, तारा न बदलता. शिकवायला कुणी नव्हतं, तिने आपली रीत आपण बसवली. मग लग्न झालं, चर्चमधल्या लोकांनी असली गाणी सोडायला सांगितली, आणि गिटार कित्येक वर्षं सुटली. उतारवयात ती एका संगीतवाल्या कुटुंबात घरकामाला होती, तिथे भिंतीवर गिटार होती. ती तिने उतरवली. तिची पहिली रेकॉर्ड 1958 मध्ये निघाली, तेव्हा ती साठीच्या पुढे होती. 1985 मध्ये ग्रॅमी हा मोठा पुरस्कार मिळाला, तेव्हा नव्वदी गाठलेली. आमच्या अडुसष्टच्या सासूबाईंनी हे ऐकून विचारलं, "पगारी काम करून वाजवत होती ना? मग तिला वेळ कधी मिळायचा?" त्याचं उत्तर मुलीकडेही नव्हतं.

गिटारला जे जमत नाही तेही सांगतो. भजनातली मींड, हरकत तिच्यावर आमच्याच्याने होत नाही. चाल झरझर फिरते तिथे कॉर्ड बदलत बसलं की गाण्याला दगड बांधल्यासारखं होतं. तिथे आम्ही सा-प धरून ठेवतो, नाहीतर हातच ठेवतो तारांवर. एक-दोन अभंगांना गिटार शोभतच नाही, तिथे पेटीच हवी. आमच्यातल्या दोघींना अजूनही ती भजनाला नको वाटते. त्यांचं म्हणणं आम्ही खोडलेलं नाही. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला त्याच दोघी "आणा ती गिटार" म्हणतात.

पैशाचं विचाराल. गिटार फुकट होती, पण नवा तारांचा संच, कॅपो आणि मिरजेची घासाई यांना पैसे लागले. बचतीला हात लावायचा नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं, कर्जाचा तर प्रश्नच नाही. शेवटी बैठकीला उशिरा येण्याचा दंड जमतो तो डबा उघडला. त्यात पुरेसे निघाले. सगळ्यात जास्त दंड अध्यक्षताईंचा होता, त्यामुळे गिटारवर हक्क सगळ्यात जास्त आपला असं त्या म्हणतात.

एक काळजी घ्या. आमच्याकडे बरीच घरं पत्र्याची. उन्हाळ्यात पत्र्याखाली गिटार ठेवली तर डिंक सुटतो, घोडी उचकटते. चुलीजवळही नको, पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकवून नको. आम्ही ती मातीच्या घरात, आतल्या खोलीत, खुंटीला टांगतो. वाजवून झाली की कोरड्या फडक्याने तारा पुसतो, नाहीतर घामाने गंजतात.

आता आमची वेळ संपत आली, रेडिओवाल्या ताई काचेपलीकडून हात दाखवताहेत. वहिनी एक ओवी म्हणणार आहेत, काळी चारमध्ये, आणि सासूबाई सा-प धरणार आहेत. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी शनिवारी बैठक संपल्यावर समाजमंदिरात या. गिटार एकच आहे, त्यामुळे पाळीपाळीने हात मिळेल. येताना नखं कापून या. आणि उशीर करू नका, दंड आहे.